शिक्रा की चिमणबाज

आमचे घरमालक सर खोटं बोलत नसत, आणि त्याचा त्यांच्या घरातल्या सगळ्यांना फार त्रास होता.

खोटं न बोलणारी माणसं मी आधीही पाहिली होती. पण ती अडचणीच्या वेळी गप्प बसतात, नाहीतर 'बघू', 'होईल काहीतरी' असं म्हणून वेळ मारून नेतात. सरांना तीही सोय नव्हती. जी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी, पुरेशा उजेडात पाहिली नाही तिच्याबद्दल त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "सांगता येत नाही." दूधवाला आज येईल का, सांगता येत नाही. भाजीत मीठ बरोबर पडलंय का, एका घासावरून सांगता येत नाही. काकू म्हणायच्या, "मॅडम, इतका संसार झाला, पण मी ह्यायले आवडते का नाई, थे बी ह्यायले अजून सांगता येत नाई." सर हे ऐकू येईल इतक्या अंतरावर बसलेले असत आणि काही खुलासा करत नसत.

मी रिसोडला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा सर तिथंच प्राणिशास्त्र शिकवत होते आणि निवृत्तीला आले होते. त्यांचं घर गावाबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये होतं. मागं तुरीचं वावर, आणि गच्चीवर एक खोली रिकामी. ती बघायला मी गेले. आपल्याकडं भाड्यानं खोली देताना लोक आडून आडून जात काढतात. सरांनीही काढली, पण ती तारेवर बसलेल्या पाखराची. "थो कोन हाये, मॅडम?" मी म्हणाले, "घार असेल." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं, गेली खोली. मग मी खरं ते सांगून टाकलं, की मला चिमणी आणि कावळा सोडून काही ओळखू येत नाही. सरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग तसं सांगा नं," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

ती घार नव्हती हे मला पुढं सविस्तर समजावण्यात आलं. सरांच्या आयुष्यात दोन पाखरं होती, आणि ती एक नसून दोन आहेत हेच गावाला पटत नव्हतं. एक शिक्रा, दुसरा चिमणबाज. दोघंही शिकारी, दोघंही साधारण पारव्याएवढे, दोघांची पाठ करडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, आणि दोघांची नजर परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखी. वरवर पाहणाऱ्याला एकच. सरांना वरवर पाहणाऱ्यांची चीड होती. शिक्रा बारा महिने इथं राहतो, आंब्या-निंबावर घरटं करतो आणि सरडा, खार, चिमणी, मिळेल ते खातो. चिमणबाज हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि उन्हं तापायच्या आत परत जातो. शिक्र्याचे पाय आखूड आणि दणकट. चिमणबाजाचे अगरबत्तीच्या काडीसारखे, त्यात मधलं बोट उगाच लांब. शिक्र्याच्या गळ्यावर मधोमध एक फिकट रेघ, चिमणबाजाला ती नाही. शिक्र्याच्या नराचे डोळे वयात आले की लालभडक होतात. पिल्लांवर तर सर अख्खा तास घेत. शिक्र्याच्या पिल्लाच्या छातीवर उभे थेंब, चिमणबाजाच्या पिल्लाला आडवे पट्टे. आणि मादी नरापेक्षा मोठी, दोन्हीकडं. 'दोन्हीकडं' म्हणताना ते काकूंकडं बघायचं टाळत.

हे सगळं दिसायला पाखरू जवळ हवं, उजेडात हवं आणि त्यानं थोडा वेळ एका जागी बसायला हवं. यातलं सहसा काहीच होत नसे. झाडाआडून एक करडी चीज सुळकन जाई, चिमण्यांचा कालवा होई, आणि सर दुर्बीण खाली घेऊन म्हणत, "सांगता येत नाही." हे ते हरल्यासारखं म्हणत नसत. त्यांच्या आवाजात तृप्ती असे, पोटभर जेवून हात धुताना असते तशी.

दुर्बीण त्यांच्या गळ्यात कायमची होती. बाजार समितीच्या आवारात सोयाबीनच्या ढिगाऱ्यांमधून ते तशीच मिरवत जात, कारण तिथं दाण्यांवर चिमण्या येतात आणि चिमण्यांवर त्यांचे पाहुणे. कोणीतरी ओरडायचं, "सर, भाव दिसून राह्यला का त्याच्यातून?" सर थांबून, त्या माणसाकडं वळून, गंभीरपणे सांगत, "नाही."

जिल्ह्यातल्या पक्षिमित्रांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्याचे ॲडमिन आमच्या गावातले दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडं हातभर लांब लेन्सचा कॅमेरा होता. एका सकाळी त्यांनी चिमणबाजाचा फोटो टाकला. ग्रुपवर टाळ्या पडल्या, फुलं पडली, हात जोडले गेले. सगळ्यात शेवटी सरांनी लिहिलं, 'ही शिक्र्याची मादी आहे. पाय पाहावेत.' डॉक्टरांनी चिडून दुसरा फोटो टाकला, त्यात पाखराची नुसती पाठ. सरांनी लिहिलं, 'यावरून सांगता येत नाही. पहिल्यावरून येतं.' संध्याकाळपर्यंत सर ग्रुपमधून बाहेर काढले गेले होते. त्यांच्या मुलीनं हे त्यांना सांगितलं तेव्हा ते तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "बरं," ते म्हणाले. "पण मादीच होती." पुढं त्यांची दाढ दुखायला लागली तेव्हा ते एसटीनं वाशिमला जाऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवून आले. चिडलेल्या माणसाच्या हातात आपला जबडा द्यावा का, याबद्दल मात्र त्यांना खात्रीनं सांगता येत होतं.

काकूंचा भाऊ एकदा फार आजारी पडला. दवाखान्यात सगळे सोयरे जमलेले, आणि जो तो त्याला सांगत होता की काही नाही, दोन दिवसांत घरी येशीन. त्यानं सरांचा हात धरला आणि विचारलं, "भाऊजी, बरा होईन ना मी?" सरांनी उशाशी ठेवलेली फाइल उघडून नीट वाचली. मग म्हणाले, "डॉक्टरलेच अजून समजलं नाही, मी कसं सांगू?" काकूंनी त्यांना दंडाला धरून व्हरांड्यात आणलं. भाऊ बरा झाला. तो अजूनही सांगतो की औषधानं नाही, भाऊजींवरच्या रागानं बरा झालो.

आता माझी बदली अमरावतीला झाली आहे. इथले घरमालक सगळं छातीठोक सांगतात. नळाला उद्या पाणी येणार म्हणतात, गच्ची गळणार नाही म्हणतात. अशा वेळी मला सरांची फार आठवण येते.

सरांना एकच मुलगी. नाव सारिका, आणि ते काकूंनी ठेवलेलं. सारिका म्हणजे मैना हे सरांना मान्य होतं, पण कोणती मैना, साळुंकी की भांगपाडी, हे नावावरून कळत नाही असा त्यांचा आक्षेप होता. बारशाच्या दिवशी तो त्यांनी पाहुण्यांपुढं मांडला होता म्हणे. सारिका मोठी होऊन वाशिमला एका लॅबमध्ये रक्त तपासायला लागली. सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळी यायची, आणि येताना जिन्यातूनच मला हाक मारायची. बापाचा गुण तिच्यात उतरला होता, पण कामापुरता. घरी ती सरळ बोलायची आणि खळखळून हसायची.

तिला स्थळं येऊ लागली, आणि सरांची परीक्षा सुरू झाली. आपल्याकडं मुलीला परीक्षा द्यावी लागते. या घरात ती मुलाला होती. पोहे झाले, चहा झाला की सर उठत आणि मुलाला म्हणत, "चला, जरा वरतं जाऊ." वर म्हणजे माझ्या दारासमोर, त्यामुळं मला एकही परीक्षा चुकली नाही. दिवस मावळतीला आलेला असे. तुरीच्या वावरापलीकडं विजेचा एक जुना खांब होता, आणि रोज त्या वेळी त्यावर कुठलंसं शिकारी पाखरू येऊन बसे. सर गळ्यातली दुर्बीण काढून मुलाच्या हातात देत आणि विचारत, "सांगा. शिक्रा का चिमणबाज?"

पहिला मुलगा पुण्यात कंपनीत होता. तो दुर्बिणीला डोळे लावायच्या आधीच म्हणाला, "ईगल." दुसऱ्यानं मोबाइल काढून फोटो घेतला, आणि कुठल्याशा ॲपनं शिक्रा सांगितलं म्हणून तोही आत्मविश्वासानं शिक्रा म्हणाला. सरांनी विचारलं, "अन् तुमाले काय दिसलं?" त्याला तो प्रश्नच कळला नाही. तिसरा फार नम्र होता. हात जोडून म्हणाला, "सर, तुमी म्हणसान थे." सरांना सगळ्यात जास्त धक्का याचा बसला. रात्रीचं जेवणही त्यांनी अर्धंच केलं.

नकार कळवताना सर खरं कारण कळवत. "पोराले दिसत नाही." यातून गावात असा समज पसरला की रिसोडच्या या मास्तरला तीक्ष्ण नजरेचा जावई हवा आहे. एका मुलाच्या आईनं स्थळ बघायला येण्याआधी त्याला अकोल्याला नेऊन डोळे तपासून आणले आणि चिठ्ठी सरांना दाखवली. सरांनी ती वाचून परत केली आणि त्यालाही वर नेलं. तो चिमणबाज म्हणाला.

एका रविवारी दुपारी सारिका माझ्या खोलीत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"ताई, मले लग्न करायचं हाये. अन् कोनाशी करायचं, थे ठरलं हाये."

मुलगा जऊळक्याचा. गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. टायफॉइडचा रिपोर्ट न्यायला तो लॅबमध्ये आला होता आणि बरा झाल्यावरही येत राहिला. वडील नव्हते, मामानं वाढवलेला. मामा भला माणूस, पण मानी. एकदा नकार ऐकला तर या घराची पायरी पुन्हा चढणार नाही.

"मग सरांना सांग ना सरळ," मी म्हणाले.

"सांगतलं तं म्हणतीन, बोलाव. अन् वरतं नेतीन."

"आणि तिथं नापास झाला तर?"

सारिका माझ्या चादरीचा काठ ओढू लागली. "मी पयून जानाऱ्यातली नाई, ताई. बाबा नाई म्हणले तं नाई. पण मंग दुसऱ्या कोनाशी बी नाई." तिनं हे रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगितलं, आणि रडू मात्र मला आलं.

मग शिकवणी सुरू झाली. सारिका फोनवर त्याला फोटो पाठवायची, पाय बघ म्हणायची, गळा बघ म्हणायची. पलीकडून त्याचा रडवेला आवाज यायचा, "मले तं दोन्ही कोंबडेच दिसून राह्यले." बिचाऱ्यानं म्हशीच्या शिंगांच्या वर कधी पाहिलंच नव्हतं. आठवडाभर हे चाललं. शेवटी एके दिवशी सारिका जिन्यातूनच ओरडत आली, "ताई, मीच येडी!" तिला सापडलं होतं. बाबा दाखवतात ते पाखरू इतकं लांब, त्यात उजेड त्याच्या मागून. "थे बाबांले तरी कुठं वयखता येते? रोज तं म्हणतात, सांगता येत नाही. त्यायले पाखराचं नाव नाई पायजे, ताई. 'सांगता येत नाही' म्हणनारा पोट्टा पायजे."

इतकं सोपं होतं ते. मुलाला तेवढंच पाठ करायला सांगितलं, आणि खात्री म्हणून कारणही शिकवलं. पुरेसा उजेड नाही. मध्यस्थामार्फत रीतसर स्थळ आलं, जणू कोणी कोणाला ओळखत नाही. बैठक संध्याकाळची ठरली.

वऱ्हाडात पाहुणा दिलेल्या वेळेच्या आधी येत नाही, हा काकूंचा, सारिकाचा आणि माझाही विश्वास होता. मामांना संध्याकाळी आणखी एका बैठकीला जायचं होतं, म्हणून ते भर दुपारीच जीप घेऊन दारात उभे राहिले. काकूंचे पोहे अजून भिजतही घातलेले नव्हते. सारिका केस बांधत होती. आणि सर खुशीत म्हणाले, "च्या होईस्तोवर चला, वरतं जाऊ."

मी खोलीच्या दारात उभी होते. खांबाकडं पाहिलं, खांब रिकामा. मला हायसं वाटलं. दाखवायला पाखरूच नाही म्हटल्यावर परीक्षाही नाही. तेवढ्यात सर, मुलगा आणि मामा गच्चीवर आले, आणि तिघंही जागच्या जागी थांबले.

कपडे वाळत घालायच्या तारेला एका टोकाला लोखंडी खांब होता. त्यावर, माझ्या पिवळ्या ओढणीशेजारी, शिक्रा बसला होता. पायात सरडा. ऊन थेट अंगावर. पाठ राखाडी, डोळे लालभडक, गळ्यावर मधोमध ती रेघ, आणि आखूड दणकट पाय सरड्यावर रोवलेले. मला पाखरातलं काही कळत नाही, पण तो मलाही कळला. इतका समोर, इतका स्वस्थ, इतक्या उजेडात सरांना तो उभ्या जन्मात कधी भेटला नसेल. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिला नव्हता. गरज नसताना त्यांनी दुर्बीण मुलाच्या हातात दिली आणि कुजबुजले, "सांगा. शिक्रा का चिमणबाज?"

मुलानं दुर्बीण डोळ्यांना लावली. त्याचे कान लाल झाले होते. जिन्याच्या दारात सारिका चहाचा ट्रे घेऊन येऊन उभी राहिली होती, आणि तिला समोरचं सगळं दिसलं होतं. ती डोळे मोठे करून मान हलवत होती, पण त्याचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. त्यानं दुर्बीण खाली घेतली आणि स्वच्छ आवाजात पाठ म्हणून दाखवला.

"सांगता येत नाही." मग आठवून, "पुरेसा उजेड नाई."

सूर्य डोक्यावर होता.

"अबे, उजेड नाई?" मामा म्हणाले. "शिकरा हाये थो! आपल्या कोंबडीचे पिल्लं कोन नेते रोज? काय हो मास्तर, शिकराच हाये नं?"

सरांनी पाखराकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं, आणि मग जिन्याच्या दाराकडं. तिथं ट्रेमधले कप एकमेकांवर वाजत होते. सारिकाला तो ट्रे सरळ धरता येत नव्हता. मामांनी पायातली चप्पल नीट केली, निघायचं असल्यासारखी.

"मामा, घाई करून राह्यले तुमी," सर म्हणाले. "चिमणबाज बी असू शकते. जवाईबापू बरोबर म्हणून राह्यले. सांगता येत नाही."

शिक्र्यानं मान वळवून 'टिटुई, टिटुई' केलं. ही हाक सर आम्हाला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये स्वतः काढून दाखवत, आणि ती चिमणबाजाची नाही म्हणून बजावत. आज त्यांनी ती ऐकली नाही. मामा मान डोलावत म्हणाले, "मास्तर म्हणते तं असन बाप्पा." सारिकानं चहा दिला. अर्धा बशीत सांडला होता, तो सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला. पोहे होईपर्यंत लग्नाचा महिनाही ठरला.

संध्याकाळी मी कपडे काढायला बाहेर आले तर सर गच्चीच्या कठड्याशी उभे होते. मला राहवेना, म्हणून विचारलं, "सर, शिक्रा होता ना?"

"नर," ते म्हणाले. "पुरा वाढलेला. शंकाच नाही."

"मग?"

"पोरीनं शिकवून आनलं होतं त्याले, मॅडम. थे बी नेमकं आजच्या दिवशी चुकलं." त्यांनी दुर्बिणीची काच शर्टाच्या टोकानं पुसली, उजेडात धरली, परत पुसली. "इतकी मेहनत तिनं बारावीले बी नव्हती घेतली."

खाली काकू आणि सारिका मोठ्यानं काहीतरी बोलून हसत होत्या. सर ते ऐकत राहिले. मग मी काही विचारलेलं नसताना ते म्हणाले, "सुखी राह्यतीन थे दोघं."

मी कपडे हातात घेऊन थांबले, ते याला पुढं काही जोडतील म्हणून. त्यांनी काही जोडलं नाही.